सेन्सर निर्दोष

अत्यंत गंभीरपणे आणि पूर्ण शुद्धीत राहून मी पुढील निवेदन करीत आहे. बसलेल्यांनी बसूनच ऐकावे, उभे असलेल्यांनी कशाला तरी टेकावे. भिलाईत, ती मध्य प्रदेशात होती त्या काळात, मोटारीच्या एसीतला प्रेशर सेन्सर एकदाही बिघडला नाही. कंप्रेसर बसले, पंखे जळाले, नळ्या गळाल्या, एका गाडीच्या बॉनेटखाली तर उंदरीण बाळंत झाली; पण सेन्सर बिघडला नाही. याला लेखी पुरावा आहे. निळ्या कापडी बांधणीची एक जाड वही, आणि तिच्यात पानामागून पान, काकांच्या सुबक अक्षरात, प्रत्येक नोंदीच्या शेवटी तेच दोन शब्द: सेन्सर निर्दोष.

काका माझ्या नात्याचे नव्हते. आमच्या सेक्टरात जेवढा विदर्भ राहत होता त्या सगळ्याचे ते काका होते. पोलादाच्या प्लँटच्या इन्स्ट्रुमेंट विभागात टेक्निशियन. भट्टीच्या पोटात काय चाललंय ते बाहेर तबकड्यांवर दाखवणारी जी यंत्रं असतात, त्यांचे ते वैद्य. शिफ्ट संपली की क्वार्टरच्या मागच्या पत्र्याखाली लोकांच्या गाड्यांचे एसी बघायचे. तेव्हा गावात एसीच्या गाड्या होत्या किती, बोटांवर मोजण्याइतक्या; आणि मे महिन्यात त्यांतल्या निम्म्या काकांच्या पत्र्याखाली.

उंच, काटकुळे, अंगात बाह्यांचं बनियन आणि डोक्यावर प्लँटचं पिवळं हेल्मेट. हे हेल्मेट ते गाडीखाली डोकं घालताना घालायचे आणि स्कूटरवरून जाताना मागे कॅरिअरला बांधून ठेवायचे. कोणी विचारलंच तर म्हणायचे, स्कूटरवर असताना वरून काय पडणार आहे?

फी ते घ्यायचे नाहीत. त्यांना हवी असायची सही. गाडी बरी झाली की वही पुढे यायची. काय लक्षणं होती, काय तपासलं, कारण काय निघालं, आणि खाली रेघ: मालकाची सही. भल्याभल्यांना ही फी जड गेली आहे. एका कंत्राटदाराला 'कारण: मालकाने सांगितलेले ऐकले नाही' याच्याखाली सही करावी लागली होती. ते गृहस्थ नंतर वर्षभर बोरसीहून भिलाईला यायचे ते काकांचा रस्ता टाळून.

प्लँटमध्ये एक नियम आहे. यंत्रावर माणूस काम करत असेल तर तो यंत्राच्या बटणावर लाल पाटी टांगतो: 'काम चालू आहे. हात लावू नये.' खाली त्याची सही. आणि जो टांगेल तोच काढेल. दुसऱ्या कोणी, अगदी मोठ्या साहेबानंसुद्धा, ती पाटी काढायची नाही. नियम चांगला आहे. त्यानं माणसं वाचतात. काकांनी तो घरी आणला.

रेडिओला पाटी, मिक्सरला पाटी, गळक्या नळाला पाटी. एकदा गॅसच्या शेगडीची कळ ढिली वाटली म्हणून त्यांनी शेगडीला पाटी टांगली आणि शिफ्टला निघून गेले. तिकडे बदली माणूस आला नाही, म्हणून काकांना लागोपाठ दुसरी पाळी करावी लागली. काकू जगात कोणालाही भीत नव्हत्या, पण वीस वर्षांच्या संसारात नियम त्यांच्या रक्तात उतरला होता. घरानं दोन वेळा दहीपोहे खाल्ले. दुसऱ्या दिवशी काका ड्यूटीवर निघाले तर त्यांच्या जेवणाच्या डब्याला लाल पाटी. खाली काकूंची सही. काकांनी चष्मा लावून सही नीट तपासली, मान हलवली आणि डबा तिथेच ठेवून उपाशी कामावर गेले. संध्याकाळी आम्हाला सांगताना त्यांच्या आवाजात राग नव्हता. अभिमान होता.

गाडी आली की ते आधी बॉनेट उघडत नसत. आधी मालकाला स्टुलावर बसवत. कधीपासून? सकाळी का दुपारी? चालताना का उभी असताना? त्याच्या आधी काय झालं होतं? गाडीत कोण कोण बसतं? कोहक्याच्या एका डॉक्टरांना त्यांनी असं तासभर उलटंसुलटं विचारलं. डॉक्टर वैतागून म्हणाले की मी माझ्या पेशंटला एवढं विचारत नाही. काका म्हणाले, "म्हणून तर ते पुन्हा पुन्हा येतात तुमच्याकडे."

आता सेन्सरकडे येतो. अंगठ्याएवढा एक तुकडा असतो, एसीच्या नळीवर बसवलेला. नळीतल्या गॅसचा दाब फार चढला किंवा फार उतरला की तो कंप्रेसर बंद करतो, म्हणजे पुढचं मोठं नुकसान टळतं. एवढंच त्याचं काम. पण लोकांना दिसतं ते असं की बंद यानं केलं, म्हणजे बिघाड याचाच. मग बाजारातले मिस्त्री त्याच्या दोन टोकांना वायरचा तुकडा जोडून त्याला गप्प करतात. याला म्हणतात तार मारणे. तार मारली की एसी चालू, मालक खूश, आणि महिन्याभरात कंप्रेसर स्वर्गवासी.

तार हा शब्द काढला की काकांचा चेहरा असा व्हायचा, जणू कोणी त्यांच्या देखत शिवी दिली.

"अरे, तो ओरडून राहिला तर काहून ओरडून राहिला हे पाहा ना," ते म्हणायचे. "पण नाही. सगळे फोडतात त्याच्याच डोक्यावर. सेन्सरले युनियन नाही ना, म्हणून."

हा त्यांचा विनोद नव्हता. हे त्यांचं दुःख होतं आणि त्यामागे एक गोष्ट होती, जी आमच्या सेक्टरात सगळ्यांना ठाऊक होती. आठ-नऊ वर्षांपूर्वी एका विभागात एक मोठं यंत्र तापून बंद पडलं. बंद पडलं की रिपोर्ट लिहावा लागतो, आणि रिपोर्टात 'कारण' नावाचा एक रकाना असतो. आमच्या प्लँटमध्ये त्या रकान्यात काय लिहायचं हे शिकवावं लागत नसे. 'सेन्सर खराब.' असं लिहिलं की कोणाची चूक नाही, कोणाला नोटीस नाही, सगळे चहाला मोकळे. तिथल्या साहेबांनी काकांना तेच लिहायला सांगितलं. काकांनी लिहिलं: 'सेन्सर तीन पाळ्या सांगत होता. कोणी ऐकले नाही.' साहेबांनी कागद परत पाठवला. काकांनी तोच मजकूर जास्त सुवाच्य अक्षरात लिहून दिला. त्यानंतर काकांच्या बरोबरचे सगळे बढती घेऊन वर गेले आणि काका होते तिथेच राहिले.

ते साहेब पुढे चढत चढत माझे साहेब झाले.

मी तेव्हा नवा नवा ज्युनियर अधिकारी. एका मे महिन्यात, शुक्रवारी संध्याकाळी, साहेबांनी मला खोलीत बोलावलं आणि आपल्या नव्या पांढऱ्या गाडीची किल्ली टेबलावर ठेवली. एप्रिलपासून एसी दगा देत होता. सात-आठ मिनिटं गार वारा, मग टक् असा आवाज, की लगेच गरम. थोडं थांबलं की पुन्हा सात-आठ मिनिटं. रविवारी सकाळी साडेदहाला मुलीला बघायला नागपूरची मंडळी दुर्ग स्टेशनवर उतरणार होती. मुलाच्या आईला उकाडा सोसत नव्हता, हे त्यांनी पत्रातूनच कळवलं होतं. मुलगी साहेबांची एकुलती एक. गाडी रविवारी सकाळी गार पाहिजे, असं साहेब म्हणाले. मग खिडकीबाहेर बघत, अगदी सहज, त्यांनी सांगितलं की कोक ओव्हनवाले एक अधिकारी मागताहेत आणि माझं नाव पुढे आलं आहे, सोमवारी बघू.

ज्यांना कोक ओव्हन माहीत नाही त्यांच्यासाठी: प्लँटमध्ये कोळसा भाजायच्या भट्ट्यांची ती रांग. तिथली माणसं मे महिन्यात भर दुपारी उन्हात येऊन उभी राहतात, गार वाटावं म्हणून.

मी किल्ली उचलली ती थेट पावर हाउसच्या बाजारात गेलो. तिथल्या मिस्त्रीनं बॉनेटसुद्धा उघडलं नाही. दुरूनच टक् ऐकलं आणि म्हणाला, "सेन्सर गया साहब. तार मार देते हैं." माझ्या डोळ्यांसमोर साहेबांचे होणारे व्याही गाडीत बसलेले आणि पुढून कंप्रेसरचा धूर निघतोय असं चित्र आलं. मी गाडी वळवली आणि काकांच्या पत्र्याखाली आणून लावली. गाडी कोणाची हे त्यांना सांगितलं. काकांनी पांढऱ्या बॉनेटवरून एक बोट फिरवलं, बोटाला लागलेली लाल धूळ पाहिली आणि एवढंच विचारलं की सही द्यायला साहेब स्वतः येतील ना. मी हो म्हणालो. घाबरलेला माणूस कशालाही हो म्हणतो.

शनिवारी काकांची सकाळची शिफ्ट होती. ते दोनला येणार, मग बघणार. आणि बरोबर बारा वाजता साहेबांनी मला ऑफिसात फोनवर गाठलं. काय निघालं, त्यांनी विचारलं. अजून कोणी गाडीला हातही लावला नव्हता. पण साहेबानं कारण विचारलं की प्लँटच्या माणसाच्या तोंडून जे आपोआप निघतं ते निघालं. मी म्हणालो, सेन्सर खराब आहे, सर, बदलतोय. साहेबांचं लगेच समाधान झालं.

दुपारी तीनच्या उन्हात काकांनी गाडी पत्र्याबाहेर उभी केली. आजारी माणसाला आजारी पडू द्यावं लागतं, तेव्हाच रोग दिसतो, असं त्यांचं म्हणणं. नळ्यांना दोन घड्याळं जोडली, एक निळं, एक लाल. इंजिन सुरू केलं, एसी लावला. निळा काटा जागच्या जागी राहिला. लाल काटा चढायला लागला. चढत चढत पार टोकाला गेला, आणि टक्. कंप्रेसर बंद.

काकांचा चेहरा उजळला. "पाहिलं? किती इमानदार आहे बिचारा. दाब खरंच वाढून राहिला. हा नसता तर पाइप फुटला असता."

मी क्षीण आवाजात विचारलं की मग सेन्सर बदलायचा नाही का. त्यांनी माझ्याकडे दयेनं बघितलं. मग ते स्वतःशीच पुटपुटत एकेक गोष्ट बाद करत गेले. गॅस जास्त भरलाय? नाही. पंखा फिरतो का? फिरतो. नळी कुठे दबली? नाही. म्हणजे गॅस तापतो आहे पण निवत नाही. गाडीच्या पुढच्या जाळीमागे गॅस निवायची जागा असते, तिथे वारा लागला पाहिजे. इंजिनच्या तापमानाचा काटाही थोडा वरच होता. साहेबांनी ते मे महिन्याच्या खात्यात टाकलं होतं.

काका घरात गेले आणि देव्हाऱ्यातून एक पेटलेली उदबत्ती घेऊन आले. गाडीच्या तोंडासमोर उकिडवे बसले आणि उदबत्ती जाळीपुढे धरली. पलीकडच्या क्वार्टरातल्या आजी कुंपणाशी येऊन मनोभावे हात जोडून उभ्या राहिल्या. आत पंखा घुमत होता, म्हणजे धूर आत ओढला जायला हवा. धूर सरळ, शांतपणे, समाधी लागल्यासारखा आकाशाकडे गेला.

"गाडीचं नाक बंद आहे," काका म्हणाले.

चार स्क्रू काढून त्यांनी जाळी बाजूला केली. तिच्यामागे एक कापड होतं. कापड कसलं, कव्हर होतं. निळ्या पट्ट्यांचं फ्लॅनेल, काठाला दुहेरी शिवण, चारी कोपऱ्यांना नाड्या आणि नाड्यांच्या नीटनेटक्या फुलगाठी. प्लँटची लाल धूळ त्यात इतकी बसली होती की हाताला वीट लागल्यासारखं लागत होतं. काकांनी गाठी सोडल्या. पुन्हा एसी लावला. लाल काटा अर्ध्यावर गेला आणि तिथेच राहिला. दहा मिनिटं, वीस मिनिटं, अर्धा तास. गाडीत बसलेल्या माझ्या दातांची कडकड व्हायला लागली, पण ती गारव्यानं नव्हे.

कारण ते फ्लॅनेल मी ओळखलं होतं. आपल्या लोकांत वस्तू घेतली की तिला कव्हर शिवणं आलंच. आमच्याही टीव्हीला होतं. पण साहेबांच्या बंगल्यावर याची हद्द झाली होती. बाईसाहेब अमरावतीच्या, हाताला विलक्षण सफाई. तिथे टीव्ही, फोन, मिक्सर, इस्त्री, सगळे याच निळ्या पट्ट्यांचे अंगरखे घालून बसलेले असत. प्लँटची धूळ नव्या गाडीच्या नाकातोंडात जाऊ नये, एवढीच त्या माउलीची इच्छा.

काकांनी शिवण निरखली. "करणाऱ्याच्या मनात खोट नाही," ते म्हणाले. "टाका पाहा कसा आहे." कव्हर त्यांनी काकूंकडे धुवायला दिलं, वही काढली आणि लिहिलं: 'कारण: जाळीमागे फ्लॅनेलचे कव्हर. सेन्सर निर्दोष.' मग स्टिअरिंगला लाल पाटी टांगली. आता मालकाची सही झाली की पाटी निघणार.

मी हात जोडले. सगळं सांगितलं: मी फोनवर काय बोललो, कव्हर कोणाचं, कोक ओव्हन, नागपूरची मंडळी. उद्या साहेबांच्या घरी पाहुणे आणि आज मी त्यांच्यापुढे हे पान ठेवू? एकच ओळ, काका. सेन्सर खराब लिहा. त्या तुकड्याला काय कळणार आहे?

काकांनी हेल्मेट काढून मांडीवर ठेवलं.

"ही एक ओळ नाही लिहिली म्हणून मी जिथल्या तिथे राहिलो," ते म्हणाले. "तुझी काकू कधी बोलली नाही, पण तिले माहीत आहे. आता आपल्या घरच्या वहीत तेच लिहू? मग तेव्हाच काहून नाही लिहिलं, असं मले कोणी विचारलं तर काय सांगू?"

मी घरी गेलो आणि कोक ओव्हनसाठी जाड तळव्याचे बूट कुठे मिळतात याचा विचार करत पडलो.

रविवारी नऊ वाजता साहेबांनी शेजाऱ्यांच्या फोनवर मला बोलावून घेतलं. गाडी कुठे आहे? मी क्वार्टरचा नंबर सांगितला, माणसाचं नाव सांगितलं नाही. मी काकांच्या पत्र्याखाली पोचलो आणि साडेनऊला ऑटो येऊन थांबली. साहेब सफारी सूट घालून उतरले. बाईसाहेब हारांची पिशवी सांभाळत आतच बसून राहिल्या. पत्र्याखाली येऊन साहेबांनी हेल्मेटखालचा चेहरा पाहिला आणि ते जागीच थांबले.

"तुम्ही," साहेब म्हणाले.

"हो साहेब. बसा," काकांनी स्टूल पुढे केलं.

साहेब बसले नाहीत. काकांनी एसी लावून दाखवला. साहेबांनी खिडकीत हात घालून वारा पाहिला आणि क्षणभर त्यांचा चेहरा माणसात आला. मग त्यांनी दरवाजा उघडला आणि समोर लाल पाटी. पाटी त्यांनी वाचली. आयुष्य प्लँटमध्ये गेलेला माणूस. हात आपोआप मागे आला. काकांनी वही पुढे केली. साहेबांनी नोंद वाचली. पुन्हा वाचली. मग वर न बघता मला म्हणाले की काल तर सेन्सर सांगितलं होतं. मी माझ्या चपलांकडे बघत राहिलो.

"माझ्या घरात असला मूर्खपणा कोणी करणार नाही," साहेब मला म्हणाले. "गाडी दोन दिवस तुमच्या ताब्यात होती. हे तुमच्याकडेच झालं असणार. सही तुम्ही करा."

म्हणजे मी सही केली तर मूर्खपणा माझा आणि उद्यापासून भट्ट्यांची रांगही माझी. नाही केली तर पाटी निघत नाही, गाडी हलत नाही, आणि तिकडे दुर्ग स्टेशनवर मुलाची आई उन्हात उभी राहणार. घड्याळात नऊ चाळीस झाले होते. मी पेन उघडलं. आणि काकांनी आपला तेलकट पंजा वहीच्या त्या पानावर ठेवला.

"याचा यात हात नाही साहेब," ते म्हणाले. "मागच्या वेळी मशीनवर ढकललं. या वेळी माणसावर ढकलता?"

काकांनी पंजा उचलला नाही. मी पेन घेऊन तसाच उभा. तेवढ्यात उशीर का होतोय ते बघायला बाईसाहेब ऑटोतून उतरल्या. जरीची साडी, मोगऱ्याचा गजरा, हातात पाहुण्यांसाठी गार पाण्याची मोठी बाटली, आणि बाटलीच्या अंगात निळ्या पट्ट्यांच्या फ्लॅनेलचं बिनचूक मापाचं जाकीट. साहेबांनी बाटली पाहिली. मग अंगणातल्या दोरीकडे पाहिलं, जिथे काकूंनी ते कव्हर धुऊन, पिळून, चारी नाड्या सोडून वाळत घातलं होतं. काकांनीही दोन्ही पाहिलं आणि नजर खाली केली. बाईसाहेब मात्र आमच्यातल्या कोणाकडेच बघत नव्हत्या. दोरीवर नजर जाताच त्यांचा चेहरा फुलला, आणि साहेबांकडे बोट करत, साऱ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात त्या काकांना म्हणाल्या,

"अगंबाई, धुऊन पण ठेवलं का तुमी? मी यायले कधीची सांगून राहिली, काढून धुवा, लई धूळ खाल्ली असंल त्यानं. पण आत पायाजवळच्या जाळीले एक लहान बांधलं होतं, ते नाही सापडलं का तुमाले?"